वास्तुशांतीची तांब्याची मागणी: धातूचे पैसे किती, घडणावळीचे किती

पुण्यातले एक कुटुंब नव्या घरात राहायला जाणार आहे. वास्तुशांत मार्गशीर्षात. घरात तांब्याच्या चार गोष्टी हव्यात, त्याही हाताने घडवलेल्या: पिण्याच्या पाण्यासाठी आठ लिटरची झाकणाची घागर, स्वयंपाकाला कल्हईचे, म्हणजे आतून कथलाचा थर दिलेले, पातेले, दिवाणखान्यात फुलांसाठी घंगाळ आणि जवळच्या पाहुण्यांना द्यायला २१ पेले. मागणी कसबा पेठेतल्या तांबट आळीत द्यायची, म्हणजे पैसे थेट कारागिराच्या हाती जातील, असा विचार. घरात आजीच्या वेळचे दोन हंडे माळ्यावर पडून आहेत, ते मोडीत घालून थोडा खर्च भागवावा असेही ठरले आहे.

हे प्रकरण नमुन्याचे आहे. तांबटांकडे अशा मागण्या ज्या रीतीने येतात आणि जिथे फसतात, त्यावरून बांधलेले. रुपयांचे आकडे हिशेब समजावा इतक्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून धरू नयेत. वजने आणि मापे मात्र खरी आहेत, ती कुणालाही पडताळता येतील.

तांबट आळी पेशवाईतली. कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे वसले आणि पुढे बंब, हंडे, घंगाळी, तांबे, पातेली हे त्यांचे मुख्य काम झाले. स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर रोजच्या वापरातली ही गिऱ्हाइकी आटली, गिझरने बंबाची उरलीसुरली गरजही संपवली. आज शोभेच्या आणि भेटीच्या वस्तूंची मागणी आहे, पण ती हंगामी असते. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या तांब्या-पितळेच्या भांडीकामाला २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. मान मोठा आहे, पण यादीतल्या नावाने भट्टी पेटत नाही, मागणीने पेटते.

दहा टक्के कुणाच्या खिशातून?

पहिली घासाघीस घागरीवर झाली. म्हणून आधी तिचा हिशेब.

तांब्याचा एक चौरस फूट पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर कोणत्याही भांड्याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. आठ लिटरच्या घागरीला गळा आणि झाकण धरून अडीच चौरस फुटांहून थोडा जास्त पत्रा लागतो. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर घागर दोन किलोच्या आसपास जाते. २४ गेजचा (सुमारे ०.५६ मिलिमीटर) घेतला तर सव्वा किलोही भरत नाही. लांबून दोन्ही घागरी सारख्याच दिसतात. पातळ घागर भरून उचलताना कुशीत दबते आणि नळाच्या तोटीला आपटली की तिला पोचा येतो.

आता पत्र्याचा दर किलोला १००० रुपये धरू. घागरीत धातू २००० रुपयांचा आणि घडणावळ १२०० रुपये, एकूण ३२००. कुटुंबाने सवयीने दहा टक्के कमी करायला सांगितले, म्हणजे ३२० रुपये. पत्र्याचा व्यापारी तांबटाला एक रुपया सोडत नाही, तांब्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. त्यामुळे ते ३२० रुपये सगळेच्या सगळे घडणावळीतून जातात. घडणावळीतही गॅस किंवा कोळसा, आम्ल, झाळ (सांधा जोडायला वितळवायचा धातू) आणि पॉलिश यांचे ३०० रुपये धरले तर हातात उरतात ९०० आणि त्यातून ३२० गेले. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट मिळाली, कारागिराची कमाई पस्तीस टक्क्यांनी घटली.

म्हणून भाव विचारताना धातू आणि घडणावळ वेगवेगळी विचारावी आणि दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्यावी. घासाघीस करायचीच तर वस्तूत करावी: घाट साधा घ्यावा, झाकण सपाट ठेवावे, कड्या कमी कराव्यात. तशाने खरोखरचे काम कमी होते आणि दोघांचेही नुकसान टळते.

दुसरा घोळ किलोच्या भावाचा. भांडी वजनावर विकायची जुनी पद्धत आहे आणि साध्या मोठ्या भांड्यांना ती चालूनही जाते. पेल्यांना नाही. ७ सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच पेला २२ गेजमध्ये साधारण १५० ग्रॅमचा होतो, २१ पेले मिळून सव्वातीन किलोही नाहीत. एका घागरीच्या दीडपट वजन, पण २१ बुडे, २१ काठ आणि प्रत्येक नग वेगळा हातात धरून मठारायचा, म्हणजे हातोड्याने ठोकून कडक करायचा. इथे घडणावळ नगावरच ठरवावी. किलोचा भाव लावला की कारागीर नाइलाजाने ठोके कमी मारतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

आगाऊ रक्कम

घागर दोन किलो, पातेले दीड, घंगाळ कड्यांसह पावणेतीन, पेले सव्वातीनच्या आत. तयार माल साधारण साडेनऊ किलो. पत्रा तेवढा घेऊन भागत नाही. चौकोनी तुकड्यातून गोल कापला की २१ टक्क्यांहून जास्त कात्रण निघते. कात्रण विकले जाते, पण मोडीच्या भावाने. म्हणजे सुरुवातीला बारा किलोच्या आसपास पत्रा रोखीने आणावा लागणार.

कुटुंबाने २५ टक्के आगाऊ देऊ केले होते. त्यात पत्राही येत नाही. मग तांबट दोनपैकी एक करतो: उधारीवर महाग पत्रा उचलतो, किंवा ज्या व्यापाऱ्याने स्वतःचा पत्रा पाठवला आहे त्याचे मजुरीचे काम आधी उरकतो. दुसरीच गोष्ट जास्त घडते आणि गिऱ्हाइकाला वाटते की 'कारागीर वेळ पाळत नाहीत'. मजुरीच्या कामात धातूचा भाव वर गेला की खाली आला, ही चिंता व्यापाऱ्याची असते. थेट मागणीत ती कुणीतरी घ्यायला हवी. सरळ मार्ग असा की धातूची पूर्ण रक्कम मागणीच्या दिवशीच द्यावी, त्याच दिवशीच्या दराने. घडणावळ अर्धी पहिला नमुना पसंत झाल्यावर आणि उरलेली माल हातात आल्यावर.

मागणी दसऱ्याला दिली. वरवर पाहता वेळ भरपूर होता. पण दसरा ते दिवाळी हे वीस दिवस धनत्रयोदशीच्या खरेदीचे असतात, भट्टीला तेव्हा उसंत नसते, आणि पाडवा-भाऊबीज झाली की कारखाने काही दिवस बंद राहतात. या मागणीला खरा वेळ मिळाला तो दिवाळीनंतरचाच. हीच मागणी श्रावणात दिली असती तर घाई झाली नसती.

'हाताने घडवलेले' म्हणजे नक्की काय

याबाबत दोन्ही बाजूंनी स्पष्ट बोलणे बरे. जुन्या पद्धतीत पत्र्याचा गोल तापवून, नरम करून, ऐरणीवर ठोकत ठोकत वर चढवतात आणि मोठे भांडे दोन-तीन भागांत करून झाळतात. आज बऱ्याच भांड्यांचा मूळ घाट लेथवर साच्यावर दाबून काढला जातो आणि पुढचे मठारकाम हाताने होते. ही फसवणूक नाही, सांगून केले तर. खालपासून वरपर्यंत हाताने उचललेल्या घागरीची घडणावळ जास्त असणारच. या कुटुंबाने घागर आणि पातेले पूर्ण हाताचे घेतले, पेल्यांचा घाट लेथवर काढून मठारकाम हाताने ठरवले. २१ पेले सारख्या उंचीचे हवे असतील तर हेच शहाणपणाचे आहे.

मठारकामाला बरेच जण नक्षी समजतात. मुळात ते भांड्याला बळ देण्याचे काम आहे. तापवलेले तांबे मऊ असते, ठोके बसत जातात तसे कडक होते. म्हणून क्रम महत्त्वाचा: झाळकाम आधी, मठार शेवटी. झाळताना सांध्याभोवतालचा पत्रा पुन्हा नरम पडतो, आणि मठारून झाल्यावर कुणी कडी झाळली तर त्या जागी भांडे पुन्हा मठारल्याशिवाय मऊच राहते. हातोड्याचे तोंड आरशासारखे घासलेले लागते, कारण त्यावरचा एक ओरखडा प्रत्येक ठोक्यात उमटतो. भांडेही आम्लात धुऊन स्वच्छ केलेले लागते, नाहीतर काजळी ठोक्याखाली दाबली जाते आणि ते काळे ठिपके पॉलिशने निघत नाहीत.

बाजारात ठशाने उमटवलेले 'ठोके' असलेली भांडीही हातकामाच्या नावाने मिळतात. ती ओळखायला आत हात फिरवावा. ऐरणीवर मठारलेल्या भांड्याची आतली बाजू बहुतांशी सपाट लागते आणि बाहेर चपटे, एकमेकांवर किंचित चढलेले पैलू दिसतात. ठशाचे खळगे आतून टेंगळांसारखे लागतात आणि ठरावीक अंतराने तीच रांग पुन्हा येते. हाताच्या ठोक्यांच्या ओळी बुडापासून वर्तुळात निघतात आणि घाट जिथे वळतो तिथे ठोक्यांचा आकार बदलतो. तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड चुंबकाने लगेच कळते. मुलाम्याखाली स्टील असेल तर मात्र चुंबक नेहमीच चिकटेल असे नाही, तिथे वजनाचा हिशेब आणि बुडाचा कच्चा काठ पाहावा.

घागर

पाण्याच्या घागरीला आतून कल्हई नको आणि लाखेचा किंवा पारदर्शक वॉर्निशचा हातही नको. दुकानातली झगझगीत भांडी काळी पडू नयेत म्हणून बरेचदा वॉर्निश मारलेली असतात. तपासायचे तर न दिसणाऱ्या जागी लिंबाची फोड घासावी: उघडे तांबे लगेच गुलाबी उजळते, वॉर्निश असेल तर काहीच होत नाही.

सांधा विचारूनच घ्यावा. जुन्या पद्धतीत पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवतात आणि टाकणखार (झाळ नीट वाहावी म्हणून घालायचा क्षार, बोरॅक्स) घालून पितळी झाळ वितळवतात. घागरीच्या पोटावर ती नागमोडी पिवळी रेघ दिसते. लपवण्यासारखे त्यात काही नाही, ती सांध्याची खूण आहे. शिशाच्या डाकाने (लवकर वितळणाऱ्या जोडधातूने) सांधा भरलेले भांडे पिण्याच्या पाण्याला घेऊ नये. चांदीमिश्रित झाळ वापरली असेल तर ती कॅडमियमविरहित असल्याची खात्री करावी.

या घागरीत एक दोष निघाला. रात्रभर पाणी भरून कोऱ्या कागदावर ठेवली तर सकाळी कागदावर ओल. सांध्यात एका जागी टाकणखार नीट वाहिला नव्हता, त्यामुळे झाळ वरवर बसली, आत पोचली नाही. घागर परत गेली, सांधा पुन्हा तापवून झाळला आणि आजूबाजूचा पट्टा नव्याने मठारला. चार दिवस गेले. ही परीक्षा माल उचलायच्या आधी कारखान्यातच करावी, आणि वेळापत्रकात तेवढी जागा ठेवावी.

वापराबाबत: पाणी रात्रभर ठेवावे, सकाळी वापरून संपवावे, घागर रिकामी करून कोरडी करावी. दिवसेंदिवस तेच पाणी साठवू नये. पाण्यात तांबे उतरते आणि त्याला मर्यादा आहे: जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला २ मिलिग्रॅम, भारतीय मानकाची दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल १.५ मिलिग्रॅम. आरओचे पाणी किंचित आम्लधर्मी असू शकते, ते जास्त वेळ ठेवू नये. लिंबू, ताक, कोकम सरबत यांना ही घागर बिलकूल नाही. ताक कळकते असे घरोघरी म्हणतात ते उगीच नाही.

पातेले आणि त्याची कल्हई

पातेले २४ सेंटीमीटर रुंद आणि १२ उंच, पाच लिटरच्या वरचे. स्वयंपाकाच्या भांड्याला १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर पत्रा हवा. त्याखाली गेलात तर बूड वाकते आणि गॅसच्या शेगडीवर भांडे डुलते.

कल्हई करताना पातेले आतून आम्लाने किंवा चिंच-वाळूने घासून पूर्ण तेलकटपणा काढतात, भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात (तिचा पांढरा धूर नाकाला झोंबतो), कथलाची कांडी टेकवतात आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर पसरवतात. मग पाण्यात. कथील २३२ अंशांना वितळते. भांडे कमी तापले तर त्याचे गोळे राहतात, जास्त तापले तर थर पिवळसर, मळकट होतो. जिथे तेलाचा डाग उरला असेल तिथे कथील धरतच नाही आणि तांबडा ठिपका तसाच राहतो. ताज्या कल्हईवर असा ठिपका दिसला तर जागेवरच दाखवून द्यावा, पुन्हा हात मारायला दोन मिनिटे लागतात.

खरा धोका शिशाचा. डाकाच्या तारेत कथलाबरोबर शिसे असते. ती स्वस्त पडते, लवकर वितळते, आणि डोळ्याला फरक कळत नाही. कथील शुद्धच वापरायचे आणि त्याची किंमत वेगळी द्यायची, असे आधी बोलून घ्यावे. एका पातेल्याला लागते काही ग्रॅमच. इतक्या थोड्यावर बचत करू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगली कल्हई मिळत नाही.

कल्हईचे पातेले रिकामे तापवू नये. कडकडीत तेलाची फोडणी त्यात करू नये, ती वेगळ्या कढल्यात करून वरून ओतावी. लाकडी डाव, मऊ चोथा. भात, वरण, आमटी, खीर यांना हे भांडे उत्तम. आत ठिकठिकाणी तांबडे दिसू लागले की चिंच-टोमॅटो बंद आणि कल्हईवाल्याकडे रवानगी.

घंगाळ, थोडक्यात

फुलांसाठी म्हणून बाहेरून वॉर्निश चालते. माती थेट भरू नये, खतातले क्षार तांबे खातात आणि हिरवा गंज फरशीवर उतरतो. आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवावी. कड्या पितळेच्या ओतीव घ्याव्यात आणि रिव्हेटने बसवाव्यात, नुसत्या झाळलेल्या नकोत. पाण्याने भरलेले घंगाळ लोक कड्यांनाच धरून उचलतात.

पेले

एक नमुना आधी करून घेतला, त्यावर उंची आणि काठाची जाडी ठरली. उंचीत ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालेल असे चिठ्ठीवर लिहिले. हा फरक न लिहिता मागणी दिली की माल आल्यावर पाच-सहा पेले 'वेगळे दिसतात' म्हणून परत जातात, आणि ते पेले कारागीर दुसऱ्या कुणाला विकू शकत नाही. काठ वळवलेला आहे ना, हे मात्र प्रत्येक पेल्याला बोट फिरवून पाहावे. कापलेला, न वळवलेला काठ ओठाला लागतो.

पेले उत्तम आले आणि बांधताना बिघडले. घरच्या मुलांनी उघड्या हातांनी वर्तमानपत्रात गुंडाळले. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी उघडले तेव्हा त्यांवर बोटांचे तपकिरी ठसे आणि कागदाच्या दमटपणाचे डाग होते. घामातले मीठ आणि ओल मिळून तांबे एका रात्रीत काळवंडते. फुग्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळले तर त्याचीही वर्तुळे उमटतात. पुसून कोरडे करावे, हातमोजे किंवा फडके वापरावे, आधी मलमल किंवा बटर पेपर आणि वरून काय हवे ते. चिंच-मीठ लावून सगळे पेले परत उजळले, पण त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. भेटीबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्यावी: साधे पाणी प्यायला, सरबत नको, धुऊन लगेच पुसा. ती नसेल तर महिन्याभरात काळा पडलेला पेला माळ्यावर जातो आणि 'हातकामाचे टिकत नाही' असा बोभाटा होतो.

आजीचे हंडे

ते मोडीला नेले तेव्हा तांबटानेच थांबवले. एकाचे बूड गळत होते, दुसऱ्याला पोचे होते, पण पत्रा नव्या घागरीपेक्षा जाड. मोडीचा भाव नव्या पत्र्याहून कमीच, शिवाय जुनी झाळ आणि घाण वजा करूनच वजन धरतात. पोच्याचा हंडा ऐरणीवर घेऊन काढला आणि पुन्हा मठारला, दुसऱ्याला नवे बूड बसवले. नव्या बुडाचा तुकडा सोडला तर या कामात धातू जवळजवळ नाही. दिलेल्या पैशांतला मोठा वाटा श्रमाचाच होता. नवी वस्तू घेताना तीनपैकी दोन रुपये पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे जात होते, दुरुस्तीत हे प्रमाण उलटे होते. आळीला हातभार लावायची इच्छा असेल आणि घरात जुनी भांडी पडून असतील, तर पहिली फेरी दुरुस्तीचीच मारावी.

मोडीचे पैसे आले नाहीत म्हणून घंगाळ एक माप लहान केले. पातेल्याची पुढची कल्हई, हंड्यांची उजळणी आणि घागरीच्या सांध्याची पाहणी पुढच्या श्रावणात एकत्र करायचे ठरले, धनत्रयोदशीची गर्दी सुरू होण्याआधी.